मॉडेल इंजिनसाठी ड्रिल कुठली घ्यावीत आणि मोजायचं कशानं?

कागदीविमान
नमस्कार मंडळी. आजवर रबरबँडची आणि बॅटरीवरची मॉडेलं उडवली. आता दोन जुनी इंजिनं हाती आली आहेत. एक ०.२५ घन इंचाचं ग्लो (तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं), म्हणजे साधारण ४ सीसी, आणि दुसरं अडीच सीसीचं डिझेल. डिझेलसोबत ना कागद, ना डबा. ग्लोच्या बॅकप्लेटचा, म्हणजे मागच्या झाकणाचा, एक स्क्रू नुसता फिरतो, आटे गेलेत. माउंटला, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या बैठकीला, अजून भोकंच नाहीत. शिवाय ग्लो इंजिन कंट्रोल लाइनवर (दोऱ्यांनी धरून गोल उडवायच्या विमानावर) वापरायचंय, तर व्हेंच्युरी, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, थोडी मोठी करून बघायची इच्छा आहे.

ड्रिलचा संच घ्यायचा तर कुठला? अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचा १ ते १०, की तो ११५ नगांचा, ज्यात इंची, नंबरची आणि अक्षरांची सगळीच ड्रिलं असतात? आणि डिजिटल व्हर्नियर आहे, तेवढ्यात भागेल की मायक्रोमीटर लागेलच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_कानस
दोन्ही घेऊ नका.

अर्ध्या मिलिमीटरचा संच भिंतीत खुंट्या ठोकायला ठीक. आपल्या कामात त्यासारखं निरुपयोगी काही नाही. आटे पाडायचं ड्रिल काढायची सोपी रीत अशी: स्क्रूचा व्यास वजा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). एम२ ची, म्हणजे २ मिमी व्यासाच्या मेट्रिक स्क्रूची, पिच ०.४, म्हणजे ड्रिल १.६. एम२.५ ची ०.४५, म्हणजे २.०५. एम४ ची ०.७, म्हणजे ३.३. एम५ ची ०.८, म्हणजे ४.२. यातलं एकही त्या संचात सापडणार नाही. नशिबानं एम३ चं २.५ आणि एम६ चं ५ तेवढं मिळेल.

१ ते ६ मिमी, दर ०.१ ला एक, असा संच घ्या. आणि १.६, २.०५, २.५ ही सुटी चार-पाच जास्तीची ठेवा, कारण मोडणार तीच. ६ च्या वर मॉडेल इंजिनात ड्रिलचं काम फारसं पडत नाही. प्रॉपचं भोक सोडलं तर.

धूरधूर
+१. ११५ वाल्यातली ऐंशी ड्रिलं पहिल्या दिवशी होती तशीच चकचकीत राहतात.

आटेदार
कानसकाकांचं बरोबर आहे, पण ते शेवटाकडून सुरू झाले. ड्रिल कुठलं हा दुसरा प्रश्न. आटे कुठले हा पहिला.

जुन्या मॉडेल इंजिनात किमान चार घराणी नांदतात. आताचं मेट्रिक: एम३ ला ०.५ पिच. जुनं जपानी मेट्रिक: त्यात एम३ लाच ०.६ पिच आणि एम४ ला ०.७५ असायची. शिवाय जपानी छोट्या इंजिनांत एम२.६ सर्रास दिसतो, जो एरवी कुठे भेटत नाही (पिच ०.४५, ड्रिल २.१५). अमेरिकन इंजिनांत २-५६, ४-४०, ६-३२ (पहिला आकडा जाडीचा नंबर, दुसरा इंचाला किती आटे). आणि जुन्या ब्रिटिश डिझेलांत बीए (ब्रिटिश असोसिएशनचे आटे), म्हणजे ८बीए, ६बीए, ४बीए वगैरे. बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, बाकी सगळ्यांचा साठ.

आता गंमत बघा. ४-४० चा बाहेरचा व्यास २.८४ मिमी. ६बीएचा २.८. खरा स्क्रू नेहमी सांगितलेल्या मापापेक्षा जरासा बारीकच बनवलेला असतो, त्यामुळे व्हर्नियर २.७८ दाखवू लागला तर तो यातला कुठलाही असू शकतो. व्यासावरून काही कळणार नाही, पिचवरून कळेल. ४-४० ची पिच ०.६३५, ६बीएची ०.५३. थ्रेड गेज असेल तर एका मिनिटाचं काम. नसेल तर चांगला स्क्रू घ्या, आट्यांचे माथे मोजा आणि आठ आट्यांचं अंतर व्हर्नियरनं घ्या. पाच मिमीच्या थोडं वर आलं तर ४-४०, सव्वाचारच्या आसपास आलं तर ६बीए. चार बरोब्बर आलं तर एम३ चा झिजका स्क्रू आहे.

हे केल्याशिवाय इंजिनाला टॅप (आटे कापायचं हत्यार) लावू नका. अॅल्युमिनियम इतकं मऊ आहे की चुकीचा टॅपही निमूट आत जातो, तक्रार करत नाही.

डबा_उघडा
नंबरच्या ड्रिलांना सगळे नावं ठेवतात म्हणून लिहितो. ज्यांच्याकडे अमेरिकन इंजिनं आहेत त्यांना ती लागतात. ४-४० ला ४३ नंबर, ६-३२ ला ३६ नंबर, २-५६ ला ५० नंबर. शिवाय १ ते ८० नंबरांत पायऱ्या फार जवळजवळ आहेत. ८० नंबर म्हणजे ०.०१३५ इंच, साधारण ०.३४ मिमी. जेटच्या (इंधन सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) भोकाला असलं काही लागलं तर अर्ध्या-पाव मिमीच्या संचात काय शोधणार?

जुनी_कानस
@डबा_उघडा, ४३ नंबर म्हणजे ०.०८९ इंच, म्हणजे २.२६ मिमी. २.२५ चं सुटं ड्रिल घ्या, फरक एक शतांश. ३६ नंबर म्हणजे २.७०५, तिथे २.७ चालतं. ५० नंबर म्हणजे १.७८, तिथे १.८. हातानं धरलेलं ड्रिल त्याच्या दहापट जास्त भोक मोठं करतं, मग या शतांशांचं कौतुक कशाला? जेटचं म्हणाल तर तिथे संच नको, दोन-तीन सुटी बारीक ड्रिलं आणि ती हातात फिरवायला पिन व्हाइस. यंत्रात धरलंत तर मोडून जेटमध्येच राहील.

डबा_उघडा
२.२५ तुमच्या ०.१ च्या संचात नाही की हो काका.

जुनी_कानस
म्हणूनच "सुटं" म्हटलं.

कागदीविमान
आटेदार, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. ग्लोच्या बॅकप्लेटचा स्क्रू व्यासाला २.७८. डिझेलचा २.७६. शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. पण आठ आट्यांचं अंतर ग्लोला ५.१ आलं आणि डिझेलला ४.२. म्हणजे एक ४-४० आणि दुसरा ६बीए, बरोबर ना? मी तर डिझेलचाच स्क्रू ग्लोला लावून बघणार होतो.

आता ग्लोचं ते गेलेलं भोक. २.५ नं मोठं करून एम३ चा टॅप मारावा असा विचार आहे. एम३ चे स्क्रू कुठेही मिळतात.

आटेदार
बरोबर ओळखलंत. पण एम३ नको. हा सापळा आहे, सगळे यात पडतात.

४-४० च्या आट्यांचा तळ भिंतीत २.८४ व्यासापर्यंत खोल गेलेला आहे. एम३ साठी तुम्ही २.५ चं ड्रिल घालणार. म्हणजे २.५ ते २.८४ मधल्या जुन्या खाचा भिंतीत तशाच राहणार, ०.६३५ च्या पिचनं. त्यावर तुम्ही ०.५ पिचचे नवे आटे कापणार. एक खाच दुसरीला छेदत जाते आणि धातू राहतो तो तुकड्यातुकड्यांत. स्क्रू आत जाईल, हातानं आवळल्यावर पकडलाही आहे असं वाटेल, आणि इंजिन गरम होऊन दोनदा थंड झालं की पुन्हा फिरू लागेल.

नवे आटे कापायचे तर ड्रिल जुन्या आट्याच्या बाहेरच्या व्यासाहून मोठं हवं. एम३.५ ची पिच ०.६, ड्रिल २.९. ते २.८४ ला पुसून टाकतं. अडचण एवढीच की एम३.५ चे स्क्रू सहज मिळत नाहीत आणि बॅकप्लेटचं ते एक भोकही मोठं करावं लागेल, ३.७ किंवा ३.९.

दुसरा रस्ता म्हणजे तारेची स्प्रिंग घालायची, हेलिकॉइल म्हणतात ती. ४-४० चीच घेतलीत तर मूळ स्क्रू परत वापरता येतो. तिचा खास टॅप बाहेरून सुमारे ३.६५ चा असतो, म्हणजे एम३.५ पेक्षा फक्त ०.१५ नं मोठा. भोकाभोवती भिंत किती उरते ते आधी बघा. माझं मत विचाराल तर भिंत असेल तर स्प्रिंगच. त्या संचासोबत जे ड्रिल सांगितलं असेल तेच वापरा, अंदाजानं नको.

एरंडेल
थांबा थांबा. टॅप नंतर. आधी त्या भोकात काडी घालून खोली बघा, मग स्क्रूची लांबी बघा. कारखान्यातला स्क्रू बरेचदा भोकाच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिमी आखूड असतो. वरचे आटे गेले तरी तळाचे कोरे करकरीत असतात. दीड मिमी लांब स्क्रू घालून बघा, पकडला तर झालं काम. अॅल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दीड ते दुप्पट लांबी आट्यात बसली पाहिजे, तेवढी मिळाली की पुरे.

फक्त लांब स्क्रू तळाला टेकत नाही ना हे बघायचं. टेकला तर बॅकप्लेट सैल आणि स्क्रू घट्ट, आणि तुम्ही विचार करत बसाल की इंजिन प्रेशर का धरत नाही.

धूरधूर
वाचनखूण साठवली. एरंडेल काका फक्त इंजिनात ओततात असं वाटलं होतं, धाग्यातही ओतायला लागले.

शून्यशून्यएक
मोजण्याच्या साधनांबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून जरा लांब लिहितो.

डिजिटल व्हर्नियरच्या पडद्यावर ०.०१ दिसतं. त्याचा अर्थ तो ०.०१ पर्यंत खरं बोलतो असा नाही. साधारणपणे त्याची खात्री ०.०२ ते ०.०३ इतकीच. कारण त्याच्या रचनेत आहे. व्हर्नियरमध्ये वस्तू जबड्यात एका रेषेत आणि पट्टी दुसऱ्या रेषेत. जबडा जरा कलला की फरक पडतो, आणि जोर लावला की कलतोच. मोजमाप आणि पट्टी एकाच रेषेत हवीत हे अर्न्स्ट आबे यानं १८९० मध्ये मांडलं. मायक्रोमीटर नेमका तसाच असतो, म्हणून त्याचं ०.०१ खरं असतं. त्याच्या स्क्रूची पिच ०.५ मिमी आणि टोपीवर ५० भाग, हिशेब सरळ आहे. रॅचेट फिरवूनच आवळायचा, टोपी धरून नाही.

०–२५ मिमीचा एक मायक्रोमीटर घेतलात तर मॉडेल इंजिनातला जवळपास प्रत्येक भाग त्यात बसतो. चाळीसच्या (०.४० घन इंच, साडेसहा सीसी) इंजिनाचा पिस्टनसुद्धा वीस-एकवीस मिमीचाच असतो.

आता भोकं. व्हर्नियरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी लहान भोक मोजू नका. त्या जबड्यांना सपाट कड असते, ती गोल भिंतीला मधोमध टेकत नाही, दोन बाजूंना टेकते. दोन्ही कडा मिळून रुंदी अर्धा मिमी धरा आणि भोक ३ मिमी. वाचन येईल २.९६. म्हणजे भोक नेहमी आहे त्याहून लहान दिसतं, आणि भोक जितकं लहान तितकी चूक मोठी. ३ मिमीला ०.०४ म्हणजे आपल्या कामात पुष्कळ झालं.

त्याऐवजी स्मॉल होल गेज घ्या, तो फुगणारा गोळा असतो, भोकात फुगवायचा, बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटरनं मोजायचा. किंवा मापाच्या पिना. तेही नसेल तर ड्रिलचा दांडा उलटा घालून बघा. पण आधी तो दांडा मायक्रोमीटरनं मोजा. ३ ते ६ मिमीच्या ड्रिलला कारखान्याकडून शून्य ते १८ मायक्रॉन लहान असायची मुभा असते, आणि ड्रिल टोकाकडून मागे किंचित निमुळतं होत जातं. ड्रिलवर कोरलेला आकडा हे टोकापाशी असलेलं माप आहे.

पातळ_शिम
@शून्यशून्यएक, व्हर्नियर खरा आहे की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं? गेज ब्लॉक कोण विकत घेणार.

शून्यशून्यएक
नवं, चांगल्या कंपनीचं बेअरिंग. ६०८ चा बाहेरचा व्यास २२ आणि आतला ८. दोन्ही काही मायक्रॉनांत खरे असतात. बाहेरचे जबडे २२ वर तपासा, आतले ८ वर. बेअरिंगची रुंदी मात्र त्यासाठी वापरू नका, तिथे त्यांना बरीच सूट असते.

आणि मोजण्याआधी भाग आणि साधन तासभर एकाच टेबलावर ठेवा. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, १९३१ पासून तेच आहे. २० मिमीचा अॅल्युमिनियम पिस्टन १५ अंश तापला तर सात मायक्रॉननं फुगतो. हातात धरून मोजलेला पिस्टन आणि टेबलावरचा पिस्टन यांत फरक दिसला तर मायक्रोमीटरला शिव्या देऊ नका.

एरंडेल
शून्यशून्यएक यांचं सगळं खरं. तरीही पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) मोजू नका असं मी म्हणतो. नव्या माणसानं तर मुळीच नाही.

डिझेलमध्ये लोखंडी पिस्टन पोलादी लायनरमध्ये घोटून बसवलेला असतो. तिथली फट काही मायक्रॉनांची. तुमचा ०.०१ चा मायक्रोमीटर ती फट बघूच शकत नाही, आणि लायनरच्या आतलं माप घेणं तर त्याहून कठीण. एबीसी इंजिनात (अॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर, त्याला आतून क्रोम) तर लायनर वर निमुळता असतो, मुद्दाम. थंड असताना पिस्टन वर अडकतो, गरम झाल्यावर मोकळा होतो, कारण पितळी लायनर वर जास्त तापतो आणि जास्त फुगतो. त्याला कुठे मोजणार, वर की खाली? आणि मोजून करणार काय?

बोट ठेवून चाचणी घ्या. पिस्टनला एक थेंब तेल, लायनरचं वरचं तोंड अंगठ्यानं बंद, पिस्टन खालून ढकला. डिझेलचा चांगला जोड उशीसारखा परत ढकलतो आणि हवा सुटताना ऐकू येत नाही. एबीसी थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागलं पाहिजे. ते सहज निघालं तर झिजलंय.

व्हर्नियरचे टोकदार जबडे लायनरमध्ये घालू तर नकाच. क्रोमला ओरखडा आला की गेला.

शून्यशून्यएक
ओरखड्याचं मान्य. बाकी पूर्ण मान्य नाही. नवा पिस्टन टर्न करून बसवायचा असेल तर मोजावंच लागतं. अंगठ्याची चाचणी सांगते की जोड वाईट आहे. किती वाईट आणि कुठे, हे सांगत नाही.

एरंडेल
धागाकर्ते नवा पिस्टन टर्न करणार नाहीयेत. ते बॅकप्लेटचा स्क्रू बसवणार आहेत.

पातळ_शिम
:) दोघेही बरोबर, वेगवेगळ्या इंजिनांबद्दल बोलताय.

मायक्रोमीटरचा एक उपयोग मात्र सगळ्यांना पडतो: हेडखालची जागा मोजायला. प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार पिस्टनच्या कडेपर्यंत आत घाला, इंजिन हळूच वरच्या टोकावरून फिरवा, चपटी झालेली तार मायक्रोमीटरनं मोजा. दोन्ही बाजूंना करा, पिस्टन एका बाजूला कललेला असू शकतो. मग शिम (हेडखालची पातळ चकती) काढायची की घालायची ते ठरवा. २० मिमीच्या बोअरला ०.१ ची एक शिम म्हणजे ३१ घन मिमी जागा. साडेसहा सीसीच्या इंजिनात वर ०.७ सीसी असेल तर दाबाचं प्रमाण १०.३ वरून ९.९ वर येतं. गरमीच्या दिवसात किंवा नायट्रो जास्त असताना हा फरक कानाला कळतो.

कागदीविमान
आभार सगळ्यांचे. लांब स्क्रू चालला! आटे तळाशी होते. आता व्हेंच्युरी. सध्याचं भोक ७ मिमी, मधून ४ मिमीचा स्प्रेबार (इंधन सोडणारी नळी) आडवा जातो. ७ चं ७.५ केलं तर थोडी ताकद वाढेल असं वाचलं. ७.५ चं ड्रिल घालायचं फक्त, नाही का?

आटेदार
अर्धा मिमी "थोडं" नाही. हिशेब करा.

हवा जाते ती भोकातून स्प्रेबार वजा करून. ढोबळ सूत्र: भोकाचं क्षेत्रफळ वजा, भोकाचा व्यास गुणिले स्प्रेबारचा व्यास. ७ मिमीला ३८.५ वजा २८, म्हणजे साडेदहा चौरस मिमी. ७.२ केलंत तर ४०.७ वजा २८.८, म्हणजे ११.९. नुसत्या ०.२ मिमीनं हवेची वाट चौदा टक्के वाढली. ७.५ ला ४४.२ वजा ३० म्हणजे १४.२. ही तर पस्तीस टक्के वाढ झाली. स्टंटसाठी टाकी सक्शनवर चालवत असाल तर इंजिन वर चढताना इंधन ओढणारच नाही.

स्प्रेबार नसता तर ७ ते ७.२ हा फरक सहा टक्क्यांहूनही कमी असता. स्प्रेबार मध्ये असल्यामुळे तो इतका वाढतो.

जुनी_कानस
आणि ७.२ चं ड्रिल घातलं की ७.२ चं भोक मिळतं असं समजू नका. आधीच्या भोकात ड्रिल घातलं की ते टोकावर नाही तर दोन धारांवर चालतं. थरथरतं, भोक तिकोनी होतं, आणि पितळ किंवा अॅल्युमिनियम असेल तर ड्रिल गपकन आत ओढलं जातं. वस्तू हातात असेल तर हातही.

व्हेंच्युरीचं काम रीमरनं (भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्यारानं) करा किंवा लेथवर बोअर करा. रीमरला ०.१ ते ०.२ मिमी धातू ठेवायचा. तेवढाच काढायचा आहे तुम्हाला, म्हणजे ७.२ चा हातरीमर असेल तर सरळ तोच. बाजूला मूळ व्हेंच्युरी जपून ठेवा आणि नवी करून घ्या. मूळची खराब केलीत तर तुलना कशाशी करणार?

पितळात ड्रिल करायचं झालं तर धार आधी किंचित बोथट करा. कटिंग कडेवर बारीक दगडानं छोटासा सपाट पट्टा काढायचा, मग ड्रिल ओढत नाही, खरवडतं. ते ड्रिल वेगळ्या डबीत ठेवा, पोलादावर ते चालणार नाही.

धूरधूर
अवांतर: प्रॉपचं भोक मोठं करायलाही हेच लागू. ड्रिलनं केलं की मध्य सरकतो आणि मग सगळे प्रॉप बॅलन्स करत बसतात. पायऱ्यांचा प्रॉप रीमर मिळतो, तो हातानं फिरवा. खालच्या पायरीचा दांडा जुन्या भोकात बसतो आणि मध्य धरून ठेवतो.

डबा_उघडा
ग्लो प्लगचं कुणी बोललं नाही. त्याचे आटे १/४-३२, म्हणजे ६.३५ व्यास आणि पिच ०.७९. ड्रिल ७/३२ इंच, ५.५६ मिमी. मेट्रिकवाल्यांचं ५.५ तिथे जरा घट्ट होतं. आहे ना इंची ड्रिल कामाचं? :)

जुनी_कानस
५.६ चालतं. पण हो, तिथे ७/३२ च बरं. एकदा मान्य करतो.

आटेदार
५.५ का घट्ट आणि ५.६ का चालतं, ते सांगून ठेवतो, कारण याच्यावरून भांडणं होतात. आट्याची टक्केवारी म्हणून एक गोष्ट आहे. मेट्रिकला: स्क्रूचा व्यास वजा ड्रिल, भागिले पिच, गुणिले ७७. एम३ ला २.५ घातलं तर ७७ टक्के. २.६ घातलं तर ६२. २.४ घातलं तर ९२. नव्या माणसाला वाटतं ९२ टक्के म्हणजे मजबूत. ताकद नावालाच वाढते, टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र कितीतरी वाढतो, आणि टॅप मोडून आत राहिला की इंजिनच गेलं. बारीक टॅपला ६५ ते ७५ टक्के पुष्कळ. अॅल्युमिनियमला ७५ च्या आसपास ठेवा, पोलादाला त्याहून कमी चालतं.

कागदीविमान
शेवटचा प्रश्न. माउंटवरची भोकं. माउंट अॅल्युमिनियमचं आहे, इंजिनाच्या पायांतून स्क्रू थेट माउंटमध्ये जाणार, एम३. इंजिन वर ठेवून त्याच्याच भोकांतून ड्रिल घातलं तर चालेल ना? माझ्याकडे ड्रिल स्टँड आहे, वेग २८०० पर्यंत.

जुनी_कानस
ड्रिल घाला, पण २.५ चं नाही. इंजिनाच्या पायातलं भोक ३.२ च्या आसपास असणार. त्यात २.५ चं ड्रिल इकडेतिकडे हिंडेल. त्या भोकात बरोबर बसणारं, म्हणजे ३.२ चं ड्रिल घ्या, त्याच्या टोकानं माउंटवर फक्त खळगा पाडा, अर्धा मिमीसुद्धा नाही. इंजिन उचला. मग त्या खळग्यात सेंटर ड्रिल, मग २.५. एक भोक झालं, टॅप झाला की इंजिन परत ठेवून तो स्क्रू आवळा आणि मग दुसऱ्या भोकाचा खळगा पाडा. चारही एकदम पाडलेत तर शेवटचं जुळणार नाही.

२८०० वेग पूर्ण लावा. अॅल्युमिनियममध्ये २.५ च्या ड्रिलला खरं तर साडेसात हजार फेरे हवेत, तेवढं तुमचं यंत्र देणारच नाही, म्हणून जास्त वेगाची भीती नको. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावत राहा, दर दोन मिमीला ड्रिल बाहेर काढून कीस झटका. कीस खाचेत चिकटला की ड्रिल मोडतं, वेगानं मोडत नाही.

आटेदार
भोक आरपार जात असेल तर जाऊ द्या, टॅपला सोपं पडतं. आरपार नसेल तर लक्षात ठेवा: ड्रिलच्या टोकाचा शंकू व्यासाच्या तीसएक टक्के असतो, २.५ ला पाऊण मिमी, आणि तळाच्या टॅपचंही पहिलं एक-दीड आटं अर्धवट असतं. सहा मिमी आटे हवे असतील तर आठ मिमी खोल जा. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. टॅप तीनचा संच घ्या, पहिला निमुळता सरळ शिरतो, तिसरा तळाला जातो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

एरंडेल
इंजिन माउंटवर ठेवून ड्रिल कराल तेव्हा कार्बच्या आणि एक्झॉस्टच्या तोंडात कापड कोंबा, प्लग घट्ट लावून ठेवा. काम झाल्यावर एअर गन मारू नका, कीस बेअरिंगमध्ये जातो. इंजिन उलटं धरून रॉकेलनं धुवा, हातानं फिरवा, परत धुवा. आणि ते ४.२ आलेले ६बीएचे स्क्रू वेगळ्या डबीत, नाव लिहून.

कागदीविमान
डबी केली. नाव लिहिलं. ग्लोच्या डबीवर "४-४०, लांब" असंही लिहिलंय.